टाकी कापण्याआधी पाणी भरा

महोदय,

वागातोरच्या बाईक मेळ्यांचे दिवस जवळ आले की म्हापसा, फोंड्यातल्या गॅरेजांत जुन्या बुलेटच्या टाक्या कापून नवा आकार देण्याची घाई सुरू होते. रिकामी टाकी सुरक्षित, हा समज जीवघेणा आहे. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एका ठिणगीने स्फोट होतो. तळाच्या शिवणीत, गंजाच्या पापुद्र्याखाली पेट्रोल दडून राहते. चार दिवस उन्हात ठेवूनही वास येतो तो त्याचाच.

कॉक (पेट्रोलचा नळ) आणि फ्लोट (पातळी दाखवणारा तरंगता भाग) काढा. गरम पाणी व साबणाने टाकी तीनदा तरी खळखळून धुवा. मग कापाच्या रेषेच्या जरा खालपर्यंत पाणी भरा, वरच्या जागेत आर्गॉन (न पेटणारा वायू) सोडा, झाकण उघडे ठेवा. पहिला काप हॅक्सॉने (हातकरवतीने), ग्राइंडरने मुळीच नको.

पत्रा जेमतेम १ मिमीचा. सलग वेल्डिंग केले की लाटा येतात. म्हणून टिगने (आर्गॉनच्या आवरणातले वेल्डिंग) २-३ सेंमीवर टॅक, म्हणजे छोटे टाके, मारून आलटूनपालटून जोडावे. गळती तपासायला २-३ पीएसआय (दाबाचे एकक) हवा पुरे, जास्त दाबाने टाकी फुगते आणि चेसिसवर बसत नाही. भोक पुट्टीने बुजवणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, पेट्रोलने पुट्टी सुटते. आपल्या दमट हवेत आतला उघडा पत्रा पाहता पाहता तांबेरतो, तेव्हा लगेच वाळवून लायनर (आतला संरक्षक लेप) लावावा.

आयटीआयच्या वेल्डिंग वर्गांत हे काम प्रत्यक्ष करून दाखवावे, ही विनंती.

– काही फॅब्रिकेटर, म्हापसा