हाड चघळणारे कुरंग

मा. संपादक,

शाकाहारी म्हणजे फक्त गवत-पाला खाणारा, हे आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की हाड चघळणाऱ्या कुरंगाचे छायाचित्र दिसताच लोक त्याला रोगट ठरवतात. जमिनीत फॉस्फरस कमी असला की चाऱ्यातही तो कमी उतरतो. दूध पाजणाऱ्या मादीला तर त्याची फारच गरज. मग जुनी हाडे चघळून ती भागवली जाते, तीही बोटुलिझमच्या जीवघेण्या विषबाधेचा धोका पत्करून! आफ्रिकेतले डुइकर नावाचे इवलेसे कुरंग तर किडे, मेलेल्या प्राण्यांचे मांस, प्रसंगी लहान पक्षीही खातात. अशा छायाचित्रांखाली ‘भयानक’, ‘विचित्र’ असे न छापता कारण छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक निसर्गप्रेमी वाचक