वरळी कोळीवाड्यातल्या मावशींना जाहीर थँक्यू

मावशी, हे पत्र तुमची सून तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवणार हे मला माहितीये, म्हणून आधीच सांगते, नाव टाकलेलं नाही. "माझं नाव नको टाकू, बाजारात चिडवतील" असं बजावलं होतंत, तसंच ठेवलंय. पण आभार मात्र जाहीरच मानायचेत, कारण मी काढलेलं तुमचं चित्र बघून सगळे माझं कौतुक करतायत आणि त्यातलं निम्मं काम तुमचं आहे हे कोणाला माहितीच नाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी ऑइल कलरमध्ये चित्रं काढते, शक्यतो जागेवर बसून आणि समोर माणूस बसवून. लोक विचारतात फोटो काढून घरी एसीत बसून का नाही करत. करता येतं की, पण मोबाईलच्या फोटोत सावली काळी मिट्ट होते आणि प्रत्यक्षात त्या सावलीत काय काय रंग असतात ते तिथे बसल्याशिवाय दिसत नाहीत. अडचण अशी की उघड्यावर ऊन थांबत नाही, दोन तासांत सावल्या एवढ्या सरकतात की आधी मांडलेलं आणि समोरचं जुळत नाही, मग सामान आवरायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत यायचं. हे सगळं मला माहीत होतं. भरतीचा विचार मात्र डोक्यातच आला नव्हता.

पहिल्या दिवशी सकाळी सातला पाणी पार मागे गेलेलं, होड्या चिखलात कलंडून पडलेल्या, मागे सी लिंक, त्या होड्यांच्या पुढ्यात तुम्ही. मी म्हटलं उद्या याच वेळेला येते, तर तुम्ही हसलात. "उद्या पाण्याची वेळ पाऊण तास पुढं जाईल, परवा आणखी. आठ दिवसांनी आलीस तर या होड्या सकाळी तरंगत असतील. आज अवसेनंतरचा दुसरा दिवस ना, मग पुनवेनंतरच्या दुसऱ्या दिवशी ये, सगळं असंच मिळंल." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे मला तुमच्याकडूनच कळलं. द्वितीया म्हणजे दोन, त्याची पाऊणपट दीड, म्हणून दीडला भरती, आणि त्याच्या सहाएक तास आधी, म्हणजे सकाळी सातच्या पुढेमागे, ओहोटी. आम्ही ऊन सांभाळायला शिकतो, पाणी सांभाळायला कोण शिकवतं?

आणि गंमत म्हणजे ते पंधरा दिवस ऑइलला अगदी सोयीचे पडले. ऑइल कलर वॉटरकलरसारखा पाणी उडून वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. अंबर, म्हणजे मातकट तपकिरी रंग, लवकर वाळतो, पांढरा आणि कॅडमियम रेड दिवसेंदिवस ओले राहतात. म्हणून पहिल्या दिवशी मी अंबरने, टर्पेंटाइन घालून पातळ, नुसत्या सावल्या मांडून ठेवल्या होत्या, पंधरवड्याने आले तेव्हा तो थर खडखडीत वाळलेला, त्यावर तेल जास्त असलेला जाड रंग बिनधास्त चढवता आला (उलटं केलं, म्हणजे खाली तेलकट आणि वर पातळ, तर पुढे रंगाला भेगा जातात).

तिथीबरोबर वारही जुळवायचा होता, ते निराळंच. बुधवार, शुक्रवार, रविवार तुम्ही हलणार नाही, गिऱ्हाईक असतं. सोमवार, गुरुवार लोक मासे खात नाहीत म्हणून मोकळ्या. आपली दुसरी बैठक मंगळवारी आली आणि अर्ध्या दिवसाचा धंदा बुडाला म्हणून तुम्ही पैसे वाढवून मागितलेत, बरोबरच केलंत.

आता बसण्याबद्दल. क्लासमध्ये मॉडेल साधारण वीस-पंचवीस मिनिटं स्थिर बसतो, मग पाच मिनिटं ब्रेक, पाय कुठे होते ते खडूने नाहीतर टेपने आखून ठेवतात. तुम्ही म्हणालात पुतळ्यासारखं बसणं मला जमायचं नाही, मी जवळा (बारीक कोळंबी) निवडत बसते. मी कपाळावर हात मारला. पण पुढे तुम्हीच सांगितलंत, "हात फिरून फिरून तिथंच येतो, आला की बघ." आणि खरंच, चिमटीत कचरा उचलायचा, बाजूला टाकायचा, परत सुपावर, दर वेळी मनगट त्याच कोनात. मी ब्रश धरून वाट बघायचे, हात आला की दोन फटकारे मारायचे, परत वाट. चित्रातली बोटं जिवंत दिसतात म्हणतात ना सगळे, ती अशी झाली, मुद्दाम धरलेला हात असा कधीच दिसत नाही.

गालाखालचा निळा तुम्हाला पटला नव्हता. "मी काय आजारी हाय काय?" म्हणालात. मग मी तुमच्या शेजारची निळी ताडपत्री बाजूला ओढून धरली आणि तुमच्या सुनेला म्हटलं आता बघ. जबड्याखालची सावली एकदम तपकिरी झाली, ताडपत्री परत आणली की निळसर. सून ओरडलीच, "आत्या, खरंच निळं हाय!" त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत पण ताडपत्रीला कोणाला हात लावू दिला नाहीत, हे मी बघितलंय.

वाऱ्याने ईझल, म्हणजे कॅनव्हासचा स्टँड, हलायला लागलं तेव्हा दगडांची पिशवी खाली लटकवायला लावलीत, टर्पेंटाइनचा वास जवळ्याला लागेल म्हणून मला वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला बसवलंत, पोरांना हाकललंत. हेही सगळं लक्षात आहे.

पैसे मोजून घेतलेत ते मला फार आवडलं. बसणं हे काम आहे, त्याची मजुरी असतेच. मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट 1857 पासून आहे, तिथे आणि बाहेर किती माणसं चित्रकारांसमोर तासन्‌तास बसली असतील, चित्राखाली सही चित्रकाराची. चित्रकार हळदणकरांचं ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र, म्हैसूरला आहे ते, पुष्कळ लोक रविवर्म्याचं समजतात. त्यातल्या बाईचं नाव आपल्याला ठाऊक आहे कारण ती त्यांची स्वतःची मुलगी, गीता. बाकीच्यांचं काय? तुम्ही नाव नको म्हणालात ती तुमची मर्जी, म्हणून चित्राच्या मागे कॅनव्हासवर फक्त "वरळीच्या मावशी, बैठकीची मजुरी दिली" एवढं आणि तिथी लिहून ठेवलीये.

सुनेने मागितलेला प्रिंट फ्रेमला टाकलाय, गुरुवारी आणून देते. आणि तुमच्या जाऊबाई बसायला तयार आहेत म्हणालात, त्यांना रेट तोच सांगा, वाढवलेला.