वैजूस पत्र, मॅडिसनहून

मॅडिसन, विस्कॉन्सिन
शेवटचा पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी

वैजे,

शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मी थांबते. दिवाळीच्या फोननंतर तुला नुसते अंगठे आणि हसरे चेहरे पाठवलेत. तूही तेच पाठवलेस, त्यामुळे फिट्टमफाट. आज फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस. ही गोष्ट कुणी मध्ये बोललं तर मला पुरी सांगता यायची नाही.

तब्येत बरी आहे. ओठ फुटलेत, केस गळतायत, वजन वाढलंय. झालं.

परीक्षा संपल्या. एका पेपराला एक कागद आणायची परवानगी होती, दोन्ही बाजूंनी, पण स्वतःच्या हाताने लिहिलेला. सरांनी हे वर्गात जाहीर केलं तेव्हा मला बारावीच्या केमिस्ट्रीची तुझी पट्टी आठवली आणि मी एकटीच हसले. त्या बिचाऱ्या पट्टीसाठी काकूंना शाळेत यावं लागलं होतं, आणि इथे सर स्वतःच म्हणतात चिठ्ठी आणा. पण यात डाव आहे बरं का. त्या कागदावर काय बसवायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना आख्खा विषय पाठ झाला, आणि पेपरात त्या कागदाकडे बघायची वेळच आली नाही. शुद्ध फसवणूक.

इथे ए आणि बी यांच्या मधे ‘एबी’ नावाची ग्रेड असते. आईला सांगितलं, एका विषयात एबी येईल बहुतेक. ती म्हणाली, रक्तगट नाही विचारला, मार्क विचारले.

परीक्षेच्या आठवड्यात लायब्ररीत कुत्री आणतात. खरंच. शिकवलेली, शांत कुत्री, मुलांनी कुरवाळून डोकं हलकं करावं म्हणून. तुला तिथे नेऊन उभं करायची माझी फार इच्छा आहे. टेबलावर चढशील.

थंडीचं काय सांगू. साडेचारच्या आत सूर्य बुडतो. लायब्ररीतून बाहेर पडलं की वाटतं रात्रीचे अकरा वाजले, आणि असतात पाच. नाकातले केस गोठतात, ही माहिती मला कुणी आधी दिली नव्हती. पण मजाही आहे, खोटं कशाला बोलू. पहिला मोठा बर्फ पडला की बॅस्कम हिलवर पोरं दोन टोळ्या करतात, तळ्याकाठच्या होस्टेलची एक आणि दुसऱ्या टोकाच्या होस्टेलची एक, आणि शेकड्याने एकमेकांवर बर्फाचे गोळे हाणतात. एक माझ्या कानफटात बसला. ऑब्झर्व्हेटरी हिलवरून कॅन्टीनच्या ट्रेवर बसून घसरतात, तेही केलं. पहिल्यांदा किंचाळले, मग पुन्हापुन्हा वर चढत राहिले. हे मुद्दाम सांगतेय. मी भित्री नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

तर, तळं.

ऑब्झर्व्हेटरी हिलवरून खाली दिसतो तो लेक मेंडोटा. जवळजवळ चाळीस चौरस किलोमीटर, सगळ्यात खोल जागी पंचवीस मीटर. खोल असल्यामुळे तो उशिरा गोठतो. अजून उघडाच आहे, सकाळी त्याच्यावरून वाफा निघतात. तो गोठला हे ठरवायचा एक जुना नियम आहे. पिकनिक पॉइंटपासून समोरच्या मेपल ब्लफपर्यंत होडी वल्हवत जाता येतं का? येत नसेल तर गोठला. बर्ज आणि जुडे नावाचे दोन जुने सरोवरशास्त्रज्ञ इथे होते, त्यांच्या काळापासूनचा हा नियम, आणि त्यात बिअरची पेटी पलीकडे पोचवायचाही काहीतरी संबंध होता असं सांगतात. तळं कधी गोठलं आणि कधी सुटलं याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून आहेत. १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फ १६१ दिवस टिकला होता. आता सरासरी काढली तर तेव्हापेक्षा महिनाभर कमी टिकतो. या नोंदींवर माझा किती जीव आहे हे तुला सांगायला नको. आबांची पावसाची वही मी कशी सांभाळायचे, आठवतंय ना?

आमच्या सरांनी मला सुट्टीत थांबशील का असं विचारलंय. सुट्टीत आम्हाला पूर्णवेळ काम करता येतं, एरवी आठवड्याला वीस तासांची मर्यादा. पैसेही मिळतील आणि थिसिसचा विषयही त्यातूनच निघेल. कामं दोन आहेत, त्यातलं एक मी निवडायचं. पहिलं टेबलावरचं: जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या आणि तपासायच्या. दुसरं तळ्यावरचं: बर्फावर चालत जायचं, गिरमिटाने भोक पाडायचं, त्यातून यंत्र खाली सोडून दर मीटरला तापमान आणि ऑक्सिजन मोजायचा. पहिलं कुणीही करेल. थिसिस दुसऱ्यात आहे, हे सरांनी सांगितलं नाही तरी मला कळतंय.

काल पेपर संपल्यावर सर आम्हा चौघांना लेक विंग्राला घेऊन गेले. हे छोटं, उथळ तळं आहे, त्यामुळे मेंडोटाच्या कितीतरी आधी गोठतं. प्रत्येकाच्या गळ्यात एक दोरी घातली, तिला दोन मुठी आणि मुठींना खिळे. बर्फ फुटून आत गेलीस तर हे खिळे काठाच्या बर्फात रोवायचे, पाय मारत राहायचं आणि पोटावर सरपटत बाहेर यायचं. गळ्यात ते घालून फोटो काढला. आईला पाठवणार होते, अखेर पोरीच्या गळ्यात काहीतरी पडलं म्हणून. मग नाही पाठवला.

बर्फ पाच इंच भरला. स्वच्छ, काळसर बर्फ चार इंच असला की माणसाने चालायला हरकत नाही, असा इथला नियम. पुढे कुणीतरी म्हातारा बादलीवर बसून मासे पकडत होता, त्याचं कुत्रं बर्फावर लोळत होतं. बाकीचे तिघे गेले. त्यातली एक तेलुगू मुलगी तर गरबा खेळत गेली. मी काठावर.

आणि तेवढ्यात बर्फ वाजला, वैजे. लांबून, खालून, एक लांबलचक घुमणारा आवाज. सर ओरडून म्हणाले की हे चांगलं आहे, थंडी कमीजास्त झाली की बर्फ आकसतो, पसरतो, तेव्हा असा आवाज येतोच. मला हे माहीत आहे. मी यावर पेपर लिहून आलेय. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, त्याहून गार झालेलं वर राहतं, म्हणून तळं वरूनच गोठतं आणि खाली पाणी तसंच राहतं, मासे त्यात हिवाळा काढतात. वर्गात हे मला जगातलं सगळ्यात सुंदर वाक्य वाटलं होतं. काल त्याचा अर्थ एवढाच होता की खाली पाणी आहे. आपल्या विहिरीसारखं हिरवं, आणि पायऱ्या संपतात तिथलं.

माझे पाय उचललेच नाहीत. सरांनी काही विचारलं नाही. कुणीतरी दोर घेऊन काठावर थांबावंच लागतं, तू थांब, म्हणाले. मी थांबले. दोर धरून, आबांसारखी. सगळ्यांना वाटलं मी कामच करतेय.

आता सांग, हे मी इथे कुणाला सांगू? पोहता न येणारी बाई तळ्यांचा अभ्यास करते, हा विनोद तू माझ्या लग्नात करणार आहेस हे मला माहीत आहे, पण इथे अजून कुणाला कळलेलं नाही. सांगितलं तर सर चांगले आहेत, लगेच म्हणतील टेबलावरचं काम घे. तेच नको आहे मला.

म्हणून तुला एक विचारायचंय, आणि या वेळी भांडायचं नाही.

त्या दिवशी तू मला ढकललंस का?

थांब. वाचणं सोडू नकोस. सहावीपासून मी म्हणतेय ढकललंस आणि तू म्हणतेस घसरलीस. गणपतीत भांडलो, सहलीच्या बसमध्ये भांडलो, सेंडऑफला तर मी माइकवर बोलले. तू साक्षीला आबांना बोलवायचीस, आणि आबा तर मोटर चालू करायला गेले होते. आता आबाही नाहीत. मी पोहायला बांधलेला पाठीचा डबा सोडला होता, तू तिसऱ्या पायरीवर होतीस, मी चौथ्या. पुढचं मला फक्त पाण्यातलं आठवतं, आणि मग वेणीला बसलेला हिसडा. (वेणी धरून ओढल्याबद्दल मी तुझे आभार मानलेत. पण माझ्या डोक्याला तिथे अजून केस कमी आहेत.)

काल रात्री झोप आली नाही तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी एवढी हट्टाने का भांडले. तू ढकललं असशील तर माझ्या पायांची चूक नव्हती. मी नीट उभी होते, एका वात्रट पोरीने धक्का दिला, विषय संपला. मग बर्फावर मला कशाची भीती? तू तर तिकडे आहेस, आठ हजार मैलांवर, धक्का मारायला पोचणार नाहीस. पण मी आपोआप घसरले असेन, कोरड्या पायरीवर, काही कारण नसताना, तर मग माझ्या पायांवर मी विश्वास कसा ठेवू?

माझी मैत्रीण म्हणून माझं समाधान करायला ‘ढकललं’ म्हणू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे. एस.टी.त माझी ओढणी फाटली तेव्हा स्टँड येईपर्यंत म्हणालीस काही दिसत नाही, आणि आख्खी पाठ दिसत होती. आणि चिडून ‘घसरलीस’ही म्हणू नकोस. जे झालं ते सांग. पायरीवर शेवाळ होतं का, एवढं आठवत असेल तर तेही सांग, त्याने फरक पडतो.

सोमवारी सरांना उत्तर द्यायचंय. तुझं काहीही आलं तरी मी बहुतेक दुसरंच काम मागणार आहे. बहुतेक. पण मागताना मला माहीत हवं की मी कुठले पाय घेऊन चाललेय.

रूममेट्स उद्या घरी जातायत, एक ग्रीन बेला, एक कॅलिफोर्नियाला. नाताळच्या दिवशी इथे सगळं बंद असतं, म्हणून आत्ताच डाळ-तांदूळ भरून ठेवलेत. जानेवारीत मेंडोटा गोठला की फोटो पाठवीन. फेब्रुवारीत त्याच्यावर स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचं डोकं आणि मशाल उभी करतात, जणू पुतळा बर्फात बुडालाय. १९७९ मध्ये विद्यार्थी संघटनेच्या निवडणुकीत जिंकलेल्या पोरांनी पहिल्यांदा केला हा उद्योग. तिथे तर मला चालत जायचंच आहे.

तुझं काय? बँकेच्या परीक्षेचा निकाल कधी? कोल्हापूरचा तो मुलगा पुन्हा आला होता असं आई म्हणाली, तू काहीच बोलली नाहीस. उंच आहे का? भाऊच्या दुकानाला गिऱ्हाईक येतंय ना? सगळं एकदम लिही.

तुझी,
मने

ता. क. आईशी यातलं काही बोलू नकोस. तिला अजूनही वाटतं की त्या दिवशी आपण दोघी पाटात खेळून भिजलो होतो.