वृद्धाश्रमाची तपासणी रात्री करा, आणि न सांगता करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्याकडे निराधार मुलांसाठी घर चालवायचं तर बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे नोंदणी करावीच लागते, नाही केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. शिवाय तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी तिथे जायचं, कमीत कमी तीन जणांनी, त्यात एक बाई आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच. प्रत्यक्षात किती जातात तो वेगळा विषय, पण निदान जाब विचारायला कायद्यात लिहिलेलं तरी आहे. आता म्हाताऱ्या माणसांसाठी घर काढायचं तर काय लागतं? बंगला भाड्याने घ्या, आठ-दहा लोखंडी कॉट टाका, कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून दोन मावश्या आणि एक मामा आणा, गेटवर छानसं मायेचं नाव लावा, झालं सुरू.

मी रिटायर्ड सिस्टर आहे, नोकरी बहुतेक सगळी मेडिसिन वॉर्डात गेली. त्यामुळे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कुणाला आईसाठी किंवा नवऱ्यासाठी जागा बघायची असली की मला सोबत नेतात. सगळेच वृद्धाश्रम वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही, काही ठिकाणी तर घरच्यांना जमणार नाही इतकं नीट करतात, मी डोळ्यांनी बघितलंय. पण चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं हे बाहेरच्या माणसाला कळायची काही सोयच नाहीये.

ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून कागद लावलेले असतात आणि घरच्यांना वाटतं सरकारमान्य आहे. ते कागद एकदा वाचून बघा. एक असतो ट्रस्टच्या नोंदणीचा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडचा, त्याचा संबंध ट्रस्टशी आणि त्याच्या हिशोबाशी, आजोबांच्या पाठीला जखम आहे का याच्याशी नाही. दुसरा असतो शॉप ॲक्टचा. २०१७ च्या कायद्यापासून कामगार थोडेच असतील तर नोंदणी पण लागत नाही, ऑनलाइन नुसतं कळवायचं आणि त्याची पावती मिळते, तीच पावती फ्रेममध्ये! ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चा आहे, महाराष्ट्रात २००९ पासून लागू आहे, त्यात सरकारने दर जिल्ह्यात गरजू ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम काढावा असं म्हटलंय, पण खासगीवाल्यांनी नोंदणी केलीच पाहिजे असं त्यात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात नोंदणी, किमान दर्जा सगळं होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल पण आला, आणि २०२४ ला लोकसभेची मुदत संपली तसं विधेयकही बारगळलं. कुणी चकार शब्द काढला नाही. गंमत म्हणजे २०२४ मध्येच महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले, दार किती रुंद हवं, बाथरूममध्ये धरायला दांडी हवी, फरशी घसरडी नको वगैरे. म्हणजे लाखो रुपयांचा फ्लॅट घेणाऱ्या धडधाकट आजोबांच्या बाथरूमला दांडी पाहिजे आणि भाड्याच्या बंगल्यात अंथरुणाला खिळलेल्यांना काहीच नाही, वा!

बरं, तपासणी सुरू झाली असं समजू. पण ती कशी होणार, खरी भीती मला त्याची वाटते. आधी फोन येणार, मग चादरी बदलणार, सगळ्यांना आंघोळी, पावडर, आजींना नवीन गाऊन, टीव्हीवर कीर्तन लावणार. साहेब हॉलमध्ये बसणार, रजिस्टर बघणार, चहा घेणार, जाणार. रजिस्टरवर माझा काडीचा विश्वास नाही. एका ठिकाणी बेडरिडन पेशंटच्या कॉटला कूस बदलायचा चार्ट लटकवलेला होता, दर दोन तासांनी सही. आम्ही सकाळी अकराच्या सुमाराला तिथे होतो आणि चार्टवर दुपारी चारपर्यंतच्या सह्या एकाच पेनने एकाच तिरक्या अक्षरात करून ठेवलेल्या. मी चादर बाजूला करून टाच बघितली तर जांभळी पडलेली, बोटाने दाबलं तरी रंग हलेना. ज्याने नर्सिंग केलंय त्याला याचा अर्थ सांगायला नको, ही पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात, तासनतास त्या बाईला कुणी हलवलेलं नाही. माकडहाडाजवळ बघू म्हटलं तर लगेच संचालक आले, म्हणे मॅडम पेशंटची प्रायव्हसी असते.

म्हणून म्हणते, कागदाआधी माणूस बघा. टाचा बघा, माकडहाड बघा, जीभ कोरडी आहे का बघा, वजनाची वही मागा. मनगटावर ओढणीचे किंवा बँडेजचे वळ आहेत का बघा, कारण रात्री उठू नये म्हणून कॉटला बांधून ठेवणं हे सर्रास चालतं आणि त्याला 'सेफ्टीसाठी' म्हणतात. झोपेची गोळी कुणाकुणाला चालू आहे आणि ती कुठल्या डॉक्टरने लिहून दिली तो कागद मागा. आणि फिनेलचा वास जितका जास्त तितकी जास्त चौकशी करा.

रात्रीच का, तर दिवसा पाच माणसं दिसतात, रात्री एक. ड्युटी आठ ते आठ. संध्याकाळी सहाला जेवण वाढून मोकळे, मग दुसऱ्या दिवशी सकाळच्या नाश्त्यापर्यंत पोटात काही नाही, त्यात अर्धे लोक शुगरचे. त्या एका मावशीला दोष देऊन उपयोग नाही हो, तिला बारा तास एकटीने दहा-बारा जणांचं करायचं, ब्युरो तिच्या पगारातून कमिशन कापणार, ट्रेनिंग कुणी दिलेलं नाही, ती पाणी कशाला जास्त पाजेल, जास्त पाणी म्हणजे जास्त डायपर, आणि डायपरचे पैसे वेगळे लावले की घरचे भांडतात. मग लघवीला जळजळ, ताप, बडबड सुरू होते आणि सगळे म्हणतात वय झालं. सरकारची ज्येष्ठांसाठी फोनवरची हेल्पलाइन, एल्डरलाइन, आहे १४५६७, चांगली सोय आहे, पण तीही सकाळी आठ ते रात्री आठ! म्हणजे मावशीची रात्रपाळी सुरू झाली की हेल्पलाइन बंद.

आणि आग. १ जानेवारी २०२३ ला पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलासमधल्या वृद्धाश्रमात आग लागली, दोन वृद्ध महिला गेल्या, आणि ती वस्ती काही गरिबांची नाही. आपल्याकडे २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांनी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घेऊन द्यायचा असतो. वृद्धाश्रमात हा कागद मागितला की बहुतेक वेळा समोरचा फॉर्म बी म्हणजे काय तेच विचारतो. रात्री कोलॅप्सिबल गेटला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन गाढ झोपेत. न चालणारी माणसं वरच्या मजल्यावर ठेवतात कारण खालच्या खोल्यांचं भाडं जास्त येतं. याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

दुसरं म्हणजे तिथे राहणाऱ्यांशी बोला, आणि संचालकाला बाहेर पाठवून बोला. बिहारमधलं मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं ते आपल्या मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या टीममुळे. राज्यभरच्या निवारागृहांचं सोशल ऑडिट करताना ती माणसं मुलींशी बोलली. नोंदणी होती, अनुदान होतं, सरकारी कागद होते, तरी आत काय चाललंय ते ऑडिटपर्यंत बाहेर आलं नव्हतं. आजी-आजोबा तर आणखीच बोलत नाहीत, मुलाने डिपॉझिट भरलंय, तक्रार केली आणि काढून टाकलं तर कुठे जायचं. मी विचारते तेव्हा पहिलं उत्तर कायम 'सगळं छान आहे'. मग पंधरा मिनिटं गावाकडच्या गप्पा झाल्या की हळूच सांगतात की चष्मा हरवलाय, बरेच दिवस झाले, आणून देतो म्हणतात.

इंग्लंडमध्ये केअर होमच्या तपासणीसाठी स्वतंत्र कमिशन आहे, २००९ पासून. न कळवता जातात, चार पायऱ्यांची ग्रेड देतात आणि ती दारात लावावी लागते, वेबसाइटवर पूर्ण रिपोर्ट. पण तिथेही २०११ ला विंटरबोर्न व्ह्यू नावाच्या खासगी हॉस्पिटलमध्ये मतिमंद पेशंटना मारहाण होत होती ती बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने उघड झाली. तिथल्याच एका नर्सने कमिशनला आधी कळवलं होतं, दखलच घेतली नव्हती. म्हणून आपल्याकडे यंत्रणा आणाल तेव्हा आतल्या मावशीला, सिस्टरला नाव न सांगता तक्रार करता यायला हवी, ती सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

यावर लोक म्हणतील इन्स्पेक्टर राज येईल, पाकिटं चालू होतील. येऊ शकतं, नाकारत नाही. म्हणून एकटा साहेब नको, तिघं जण हवेत, त्यात एक नर्स आणि एक बाहेरचा ज्येष्ठ नागरिक, आणि रिपोर्ट आठ दिवसांत गेटवर मराठीत. आणि कृपा करून सील ठोकायची घाई नको, सील केलं की फोटो छान येतो पण त्या वीस जणांना त्या रात्री कुठे नेणार? सुधारायला मुदत द्या, तोवर सरकारने आपली सिस्टर तिथे बसवावी. बेवारस आणि मुलं परदेशात असलेल्यांचं तर आधी बघा, त्यांच्याकडे बघायला कुणीच येत नाही, पितृपक्षात मात्र अन्नदानाला रांग लागते आणि शुगरवाल्यांच्या ताटात श्रीखंड पडतं.

कायदा होईल तेव्हा होईल. तुमच्या रविवारच्या छोट्या जाहिरातींत 'चोवीस तास नर्सिंग, घरगुती वातावरण' छापून येतं ना, ती जाहिरात घेताना तीन गोष्टी विचारा, चालू वर्षाचा फॉर्म बी, रात्री ड्युटीवर किती माणसं, आणि त्यातल्या किती जणी शिकलेल्या नर्स. उत्तर जाहिरातीतच छापा. जो देणार नाही त्याची जाहिरात घेऊ नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, पुणे