घाटातल्या जीपचा पंखा बदलताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जोडून आल्या की खंबाटकी घाटात गाड्या तापून बंद पडल्याच्या बातम्या येतात. गर्दीबद्दल सगळे बोलतात, इंजिनचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या पंख्याबद्दल कोणी बोलत नाही. मी सव्वीस वर्षं सातारा-मेढा-महाबळेश्वर मार्गावर वडापची, म्हणजे सीटवर प्रवासी नेणारी, जीप चालवतो, म्हणून हे पत्र.

जुन्या जीपचा बेल्टवरचा, म्हणजे इंजिनच्याच पट्ट्याने फिरणारा, पंखा काढून इलेक्ट्रिक पंखा बसवायची सध्या टूम निघाली आहे. ‘इंजिनवरचा लोड कमी होतो, ॲव्हरेज वाढतं’ असं सांगतात. ते खोटं नाही. बेल्टचा पंखा इंजिनची थोडी ताकद खातोच, आणि मोकळ्या हायवेला साठ-सत्तरच्या वेगात समोरून एवढं वारं येतं की पंखा लागतच नाही. मारुती ८०० सारख्या गाडीत इंजिन आडवं, त्यामुळे बेल्टची पुली रेडिएटरसमोर न येता बाजूला जाते. तिथे इलेक्ट्रिक पंखाच हवा. सिग्नलला इंजिन आयडलवर असलं तरी तो पूर्ण वेगाने फिरतो. साताऱ्याच्या राजवाड्यावरच्या गर्दीत फिरणाऱ्या कारला तोच बरा.

आमच्या वाटेवरच्या केळघर घाटाचं गणित निराळं आहे. भरलेली जीप दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने चढते. समोरून वारं नाही, पण इंजिन भरपूर फेऱ्यांवर ओरडत असतं. बेल्टचा पंखा इंजिनबरोबर पळतो, त्यामुळे नेमकं तिथेच भरपूर वारं मिळतं. बऱ्याच जीपना पंख्याच्या मधोमध क्लच असतो. त्यात सिलिकॉनचं तेल असतं. रेडिएटरकडून येणारी हवा तापली की पुढची पट्टी वळते, तेल आत सुटतं आणि पंखा पकड घेतो. गार असताना तो सैलच फिरतो. म्हणजे ॲव्हरेजची निम्मी काळजी कंपनीने आधीच घेतलेली असते.

तरी दोन वर्षांपूर्वी मीही एका गॅरेजमध्ये भंगारातला इलेक्ट्रिक पंखा बसवून घेतला. तिसऱ्याच दिवशी, भर एप्रिलात, केळघर घाटात तापमानाचा काटा लालवर गेला. गाडीत नऊ माणसं, त्यात तान्हं बाळ घेतलेली एक लेक माहेराहून निघालेली. बॉनेटमधून वाफा येत होत्या. एक पोरगा रेडिएटरचं झाकण उघडायला धावला, मी त्याचा हात धरला. तापलेल्या रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, झाकण निघालं की अंगावर उसळतं. त्या पोराचं तोंड भाजलं असतं, हा विचार अजून जात नाही.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील, गेलं होतं. ते काम झाल्यावर मी इंजिन आणि पंखा चालू ठेवून पुढच्या जाळीसमोर रुमाल धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता, पण फडफडत माझ्याकडे आला. पंख्याच्या दोन तारा उलट जोडल्या होत्या! तो वारं आत ओढत नव्हता, बाहेर ढकलत होता. पंख्याभोवती श्राउड, म्हणजे पूर्ण रेडिएटरमधून वारं ओढायला लावणारं आवरण, नव्हता, त्यामुळे रेडिएटरची ताटाएवढीच जागा त्याच्या वाट्याला येत होती. जास्त करंट झेलणारा स्विच, म्हणजे रिले, नव्हता आणि तारा इतक्या बारीक की त्यांचं प्लास्टिक मऊ पडून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. असा पंखा पंधरा-वीस अँपिअर सहज ओढतो, गाडीची वीज तयार करणाऱ्या जुन्या अल्टरनेटरला ते झेपतं का हेही कोणी पाहिलं नव्हतं.

गॅरेजवाल्या बांधवांना हात जोडून सांगतो, घाटात धंदा करणाऱ्याचा चालू पंखा काढू नका. क्लच गेला असेल तर क्लच बदला. गार इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवून बघा. किंचित जड लागला तर ठीक. गरगर फिरत राहिला किंवा क्लचभोवती तेलकट धूळ साचली असेल तर तो गेला. बेल्टचा ताण त्याच वेळी पाहा, कारण अनेक जीपना त्याच बेल्टवर वॉटर पंपही फिरतो. इलेक्ट्रिक बसवायचाच असेल तर श्राउड, रिले, फ्यूज आणि जाड तार यांशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नका. पासिंगच्या वेळी आरटीओच्या निरीक्षकांनीही प्रवासी जीपचा पंखा चालू करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. त्याला दोन मिनिटं लागतात.

माझा जुना पंखा गॅरेजच्या मागच्या ढिगात सापडला, तोच पुन्हा बसवला आहे. कोणाला पाहायचा असेल तर सकाळी सातपर्यंत मी मेढा स्टँडजवळ असतो, बॉनेट उघडून दाखवीन.

आपला,
एक जीपचालक
मेढा, ता. जावळी, जि. सातारा