चरबीचे रोपण वेगळे, मूळपेशींचा उपचार वेगळा

भाजल्याच्या व्रणांवर चरबीतील मूळपेशींनी (स्टेम सेल) होणाऱ्या उपचारांविषयीचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. पोटाची चरबी बारीक नळीने ओढून, सेंट्रिफ्यूज या वेगाने फिरणाऱ्या यंत्रात फिरवून, आखडलेल्या व्रणाखाली थोडी थोडी सोडणे ही प्लास्टिक सर्जरीतील रुळलेली पद्धत आहे. कर्करोगानंतर स्तनाची पुनर्रचना करतानाही ती वापरतात. रोपलेली काही चरबी शरीरात विरते, म्हणून कधी कधी पुन्हा रोपण करावे लागते. त्याच चरबीवर एन्झाइमची प्रक्रिया करून पेशी वेगळ्या काढणे आणि त्या टोचणे मात्र अजून प्रयोगावस्थेत आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांसारख्या ठरावीक विकारांतील प्रत्यारोपण सोडल्यास मूळपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) करता येतो.

‘स्वतःचीच चरबी, मग धोका कसला?’ असे रुग्णांना सर्रास सांगितले जाते. फ्लोरिडातील एका क्लिनिकने २०१५ मध्ये तीन महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतील पेशी टोचल्या. तिघींचीही दृष्टी कायमची अधू झाली, आणि या उपचारासाठी त्यांनी पैसे मोजले होते.

व्रणामुळे मान वळवता न येणाऱ्या मुलीचे आईवडील अशी कात्रणे जपून ठेवतात. अशा चाचणीची नोंद सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत तपासता येते, एवढे तरी पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली