तात्यांची विहीर आणि बॉम्बे हाय

पनवेल, 6 जून

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

चौदा दिवसांची ड्यूटी संपवून काल हेलिकॉप्टरनं जुहूला उतरलो आणि घरी आल्या आल्या तुझं पत्र हातात पडलं. तात्यांच्या विहिरीचा यंदा मार्चमध्येच तळ दिसला हे वाचून गलबलून आलं. आपण दोघं त्याच विहिरीत पोहायला शिकलो. शेवटी तू विचारलं आहेस, "तुमच्या समुद्रातल्या विहिरीही अशाच आटतात का रे?"

आटत नाहीत, दिनू. त्यांच्यात पाणी शिरतं.

मी काम करतो ते बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर आत समुद्रात आहे. (कागदोपत्री आता मुंबई हाय, पण आमच्या तोंडी जुनंच नाव बसलंय.) तिथं समुद्र जेमतेम 75 मीटर खोल. लोकांना वाटतं, खाली तेलाचं तळं असेल. तसं काही नाही. तळाच्याही खाली हजार मीटरहून जास्त खोलवर चुनखडीचा दगड आहे आणि त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरलंय. जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या रिगनं, म्हणजे विहीर खोदणाऱ्या तरंगत्या यंत्रणेनं, ते 1974 च्या फेब्रुवारीत शोधलं. 21 मे 1976 ला उत्पादन सुरू झालं.

नव्या विहिरीला जसे जिवंत झरे असतात, तसं सुरुवातीला तेल दगडातल्या दाबानं आपणहून वर येत होतं. ऐंशीच्या दशकात देशात निघणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त या एका क्षेत्रातून यायचं. पण उपसलं की दाब उतरतो, आणि तो टिकवायचा तर काढलेल्या तेलाच्या जागी पाणी भरावं लागतं. ते भरणं 1984 मध्ये सुरू झालं. देशाला तेव्हा तेलाची निकड होती, हे मान्य. तरी ही मधली आठ वर्षं मला फार मोठी वाटतात. पाणी आधी द्यायला हवं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मागच्या आठवड्यात रात्रपाळीला एका विहिरीचा नमुना काढला. व्हॉल्व्ह हलकेच उघडला, बाटली धरली, कोमट काळपट द्रव फेसाळत आत आला. काचेच्या नळीत घालून यंत्रात गरगर फिरवला आणि नळी दिव्यासमोर धरली. वर तेलाचा गडद पट्टा, खाली नितळ पाणी. शंभरातले सत्तर भाग पाणी! मी नवीन होतो तेव्हा हीच विहीर जवळजवळ निव्वळ तेल द्यायची. नळी हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. घरातलं म्हातारं माणूस थकलेलं दिसावं, तसं झालं.

पण थकली म्हणून सोडून देत नाहीत. नळीत वरून गॅस सोडतात, त्यानं आतला द्रव हलका होऊन वर चढतो. सेपरेटरमध्ये तेल, गॅस, पाणी वेगळं होतं आणि तेल समुद्रतळावरच्या पाइपलाइननं उरणला जातं.

माझा जीव मात्र पाणी भरण्याच्या कामात. समुद्राचं पाणी उचलून तसंच खाली ढकललं तर घात होतो. त्यातल्या ऑक्सिजननं पाइप आतून गंजतात, जंतू वाढले तर विषारी वायू तयार होतो, आणि गाळानं दगडाची छिद्रं बुजतात. म्हणून आधी गाळायचं, ऑक्सिजन काढायचा, औषध घालायचं, मगच पंप लावायचा.

आता पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आईला धास्ती. तिला 2005 आठवतं. मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, 27 जुलैला, तिकडे एका प्लॅटफॉर्मवर, म्हणजे समुद्रात उभारलेल्या लोखंडी तळावर, आग लागली. जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली होती. हवेमुळे हेलिकॉप्टर येईना, म्हणून त्याला क्रेननं प्लॅटफॉर्मवर घेत होते. त्यात जहाज रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे समुद्रतळावरून वर येणारा पाइप. गॅस सुटला, पेटला आणि दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला. 22 माणसं गेली. त्या खवळलेल्या समुद्रातून 362 जणांना वाचवलं, हेही मी आईला दर वर्षी सांगतो. मस्टरचा, म्हणजे सगळ्यांनी ठरल्या जागी जमायचा, भोंगा वाजला की आजही आमच्यातलं कुणी रेंगाळत नाही.

आता तुझ्या विहिरीचं. पाऊस लागला की ओढ्याचं पाणी चर काढून थेट विहिरीत सोडणार, असं तू लिहिलंस. तसं अजिबात करू नकोस! गढूळ पाण्याचा गाळ झऱ्यांची तोंडं बुजवील. विहिरीच्या अलीकडे गाळणखड्डा घे. तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर जाड वाळू. खालून पाइप काढून नितळलेलं पाणी विहिरीत जाऊ दे. वाळू दर वर्षी बदलावी लागेल.

पुढचे चौदा दिवस मी मोकळा आहे. शनिवारच्या रात्रीच्या एस.टी.नं निघतो. दोन कुदळी आणि एक घमेलं तयार ठेव. खड्ड्याची जागा मात्र तात्यांना विचारून ठरवू, पाणी कुठून वाहतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

तात्यांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मन्या